वाऱ्यात तळलेली नेवरी

माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांची सालं निघायला लागली की समजावं, ओले काजू सुरू झाले. वर्गात खडू धरला की ती बोटं चुरचुरतात आणि पहिल्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. "बाईंनी काजू सोलले!" त्यांचीही बोटं तशीच असतात, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं हा प्रश्नच असतो. कोवळ्या काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. हाताला खोबरेल चोळा, राख लावा, शहाण्यासारखे हातमोजे घाला, तो कुठून तरी शिरतोच. हे सगळं माहीत असून दर फाल्गुनात मी विळी घेऊन बसते. त्या हिरव्या टरफलाच्या आत जो पांढरा, दुधाळ, वाकडा गर असतो ना, त्याच्यापुढे तीन बोटं म्हणजे काहीच नाही.

मी मूळची घाटावरची. लग्न होऊन इकडे आले त्याला तेवीस वर्षं झाली. धामापूरच्या तळ्याच्या अलीकडे आमची वाडी, मालवणला माझी शाळा, शाळेत मी विज्ञान शिकवते. घाटावरची असणं आणि विज्ञान शिकवणं, या दोन्हींमुळे मला एक खोड लागली आहे. इथल्या कोणालाही जे विचारावंसं वाटत नाही, ते विचारल्याशिवाय मला राहवत नाही. तिरफळ माशाच्या आमटीत चालतं तर कोंबडीत का नाही? कोकमाची सोलं वाळवताना पुन्हा त्याच रसात का बुडवायची? माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पहिली काही वर्षं उत्तरं द्यायच्या. मग म्हणायला लागल्या, "हिका प्रश्नांची खाज आसा." आता तर नुसत्या हात हलवतात.

आज खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, काजू चिरायला बसले आणि गेल्या वर्षीचा हंगाम समोर येऊन बसला. त्या वर्षी आमच्या घरात एकच प्रश्न आठवडाभर घुमत होता आणि गंमत म्हणजे तो एकट्या माझा नव्हता. कढई नाही, तेल नाही, नुसत्या गरम वाऱ्यावर केलेली नेवरी, ती तळलेली म्हणायची की नाही? वाचायला पोरकट वाटेल. पण एका गरोदर मुलीच्या पोटात अन्न जाणार की नाही, हे त्या उत्तरावर अडलं होतं.

नेवरी म्हणजे तुमची करंजी. चवथीला, म्हणजे गणपतीत, गोड करतात, घरोघरी. आमच्या घरात मात्र काजूच्या दिवसांत एक तिखट नेवरीही होते. ओले काजूगर गरम पाण्यात टाकून त्यांची गुलाबी साल काढायची, दोन-दोन तुकडे करायचे. ओलं खोबरं, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, चिमूटभर मालवणी मसाला, आंबटपणाला एखादं सोल बारीक चिरून. हे सगळं नुसतं परतायचं, शिजवून गिच्च करायचं नाही. आईंची पारी कागदासारखी पातळ आणि कडेला हाताने घातलेली मुरड. कातणानं कापलेली कड त्यांना पसंत नाही, त्यांच्या मते ते आळशी बायकांचं काम. मी कातण वापरते हे त्यांना माहीत आहे.

त्या हंगामाआधीच्या मार्गशीर्षात आमचे सासरे, बाबा, गेले. सकाळी काजूच्या कलमांची आळी करून आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि बसलेच राहिले. असं मरण भाग्याचं, असं येणारे-जाणारे म्हणत होते. मला ते ऐकून चीड येत होती. जिला सांगतायत त्या बाईला विचारा ना, भाग्य कोणाचं.

दुखवट्याची रीत प्रत्येक घराची वेगळी. कोणाकडे वर्षभर सण नाहीत, कोणाकडे गोड नाही, कोणाकडे बारा दिवस झाले की सगळं पहिल्यासारखं. आमच्या घराची रीत कढईची. तेराव्याला वडे होतात, ते विधीचे. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत घरात हौसेचं तळण नाही. कढई घासूनपुसून माळ्यावर पालथी घालायची. भजी नाहीत, पुऱ्या नाहीत, माशाची तुकडीसुद्धा कढईत नाही, तव्यावर चमचाभर तेलात भाजून घ्यायची. शेजारीपाजारी आपल्याकडचं तळण आणून देतात, ते खायला हरकत नाही. फक्त आपल्या चुलीवर कढई नको. हे का, असं मी लग्नानंतरच्या एका दुखवट्यात विचारलं होतं. "तळणाचो वास गावभर जाता. घरात माणूस गेलेला आणि तुमी भजी तळतास, बरा दिसता?" हे बाबांचं उत्तर. मला ते त्यातल्या त्यात पटलं होतं.

आता त्या मशीनबद्दल. आमचे हे तारकर्लीच्या लॉजांमध्ये वायरिंगची आणि पंपांची कामं करतात. बाबा गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत एका लॉजवाल्यानं नवा मोठा एअर फ्रायर घेतला आणि जुना ह्यांच्या हातावर ठेवला. काळं, पोटफुगं यंत्र. पुढे खण, वर दोन गोल बटणं, एक तापमानाचं, एक वेळेचं. ते घरात आल्यावर सगळ्यांत जास्त खूश बाबा. त्याच्याभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या.

"ह्यात तेल खंय घालूचा?"

"घालायचं नाही, बाबा."

"मगे तळता कोण?"

"वारा. गरम वारा."

"वारो तळता?" बाबा खुर्चीत टेकले. "मगे आमच्या खळ्यात येवढो वारो येता, एक बांगडो तळून दाखव म्हणा तेका!"

त्या महिनाभरात त्यांनी त्यात काय काय भाजून पाहिलं. बांगडा, सुरणाचे काप, फणसाच्या आठळ्या. दर दोन मिनिटांनी खण ओढून बघायचे, त्यामुळे आतला वारा निघून जायचा आणि काही नीट व्हायचं नाही. आई लांबून म्हणायच्या, "पोरगो झालोहा." ते गेल्यावर ते मशीनही कोपऱ्यात कापडाखाली गेलं. कोणी बंदी घातली नव्हती, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

फाल्गुनात माझी नणंद वैजू, बाबांचं चेडू म्हणजे लेक, वेंगुर्ल्याहून माहेरी आली. तिचा नवरा तिथल्या एका काजूच्या कारखान्यात कामाला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले, आणि आता सातवा महिना. डोहाळजेवण तिच्या सासरी झालं, आई तिकडे आपणहून गेल्या नाहीत. पांढऱ्या कपाळाची बाई अशा कार्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा त्यांच्याशी भांडले होते, अगदी आवाज चढवून. उपयोग झाला नाही.

वैजू रिक्षातून उतरली तेव्हा मी तिला धरायला गेले आणि दंडाला हात लावून दचकले. पोट पुढे आणि बाकी सगळी हाडं. ओकाऱ्या तिसऱ्या महिन्यात थांबतात, हिच्या थांबल्याच नव्हत्या. पेज, मऊ भात, नारळाचं पाणी, काही आत टिकत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं की वजन वाढत नाही, बाळाचंही वाढत नाही, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. दोनदा हात पोळलेली ती पोर, त्यामुळे सलाईन हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खळ्यात काजू सोलत होते. ती येऊन जवळ बसली आणि त्या कच्च्या वासानं तिला मळमळलं नाही. उलट एक गर उचलून तिनं हुंगला.

"वयनी, माका नेवरी व्हयी. ओल्या काजूची. आवशीच्या हातची."

नवऱ्यानं वेंगुर्ल्यात काय काय आणून दिलं होतं, कशाकडे तिनं बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी विळी तशीच सोडून स्वयंपाकघरात पळाले. आई डाळ निवडत होत्या. ऐकून त्यांचे हात थांबले.

"वरस सरांदे," त्या म्हणाल्या. "मगे शंभर करून घालतंय."

शेजारच्या सुलूकाकींच्या कानावर हे गेलं. वाडीत रितीभातीचा काही पेच पडला की सगळे त्यांच्याकडे जातात आणि नाही गेले तर त्या स्वतः येतात. त्यांनी लगेच मार्ग काढला. तळण आपल्या घरी नको ना, मग मी माझ्याकडे तळते. संध्याकाळी काकी डबा घेऊन आल्या. डब्याचं झाकण निघालं, गरम तेलाचा वास उठला आणि वैजू तोंड दाबून मागीलदारी धावली. अर्धा तास ती न्हाणीच्या कठड्याला धरून उभी होती. तेव्हा कळलं, तिला सगळ्यांत जास्त ओकारी येते ती तापलेल्या तेलाच्या वासानं. म्हणजे मागणी तळलेल्या पदार्थाची आणि तळणाचा वास सहन होत नाही. देवाला कधी कधी विनोद सुचतो आणि तो भलत्या वेळी सुचतो.

मला मात्र त्या क्षणी कोपऱ्यातलं कापड दिसलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर जी सभा भरली ती मला जन्मभर आठवेल. ह्यांचं म्हणणं, नाव बघा ना त्याचं. "फ्राय म्हणजे तळणा. खोक्यारच लिवलेला आसा." सुलूकाकींचं म्हणणं अगदी उलट. "कढई नाय, तेल नाय, मगे तळण कसला? ता भाजणा. भाजूक कोणाचीच ना नसता." त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की जणू एअर फ्रायरबद्दल पूर्वीच कुठे लिहून ठेवलंय. मी माझं विज्ञान काढलं. तळताना तेल करतं काय, तर उष्णता चहूबाजूंनी पोचवतं, बाहेरचं पाणी उडवतं, पापुद्रा कडक करतं. इथे तेच काम वारा करतो. म्हणजे क्रिया तीच, माध्यम वेगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच्याच विरुद्ध बाजू मांडते आहे.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचा ठरलां की सांगा," म्हणाल्या आणि दिवा लावायला आत गेल्या.

माझं ठरलं होतं. शनिवारी अर्धी शाळा. दुपारी घरी आले आणि कामाला लागले. पहिला घाणा. तळणाच्या करंजीसारखंच पीठ भिजवलं, फक्त कडकडीत तेलाचं मोहन घालता येईना, कारण तेल तापवलं की वैजू ओकणार. मग मोहनच घातलं नाही. बारा मिनिटांनी घंटी वाजली आणि खणातून निघाल्या त्या पांढऱ्याफटक, खडखडीत कवड्या. एक खाली पडली तर तिचा फरशीवर आवाज झाला. ह्यांनी चावून बघितली आणि दात मोजल्यासारखं केलं.

दुसरा घाणा. तूप चोळलं पिठाला. आतलं सारण मात्र ओलं राहिलं, वाफ कोंडली आणि सहाच्या सहा नेवऱ्यांनी आ वासला. खोबरं, काजू, सगळं खणाच्या तळाशी. तिसऱ्या वेळी अर्ध्यात लाईट गेली. आमच्याकडे पंप, इस्त्री आणि हे मशीन एकत्र चालत नाही, हे वायरिंगवाल्याच्या घरातलं सत्य आहे.

या सगळ्या वेळात आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. आत येत नव्हत्या, उठूनही जात नव्हत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "लोखंडार कित्याक ठेवतंस? खाली पान घाल. पानाशिवाय पीठ चिकटतला."

बरोबर होतं की! आमच्याकडे आंबोळीपासून माशापर्यंत सगळ्याखाली पान. मी केळीचं पान कापलं, गोल करून खणात घातलं, मशीन आधी तापवून घ्यावं म्हणून तसंच रिकामं सुरू केलं. मिनिटभरात आत फडफड, मग करपट वास, मग धूर. वाऱ्यानं ते पान उचलून वरच्या तारेला नेऊन चिकटवलं होतं. ह्यांनी धावत जाऊन प्लग काढला. धुरात मी खोकत उभी, हातात खण. उंबऱ्यावरून विचित्र आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं मी सांगितलं.

हसणं ऐकून वैजू आतल्या खोलीतून भिंत धरत आली. तिनं ओट्यावरच्या त्या फुटक्या, फिकट नेवऱ्या बघितल्या, आईकडे बघितलं, आणि तिचा बांध फुटला.

"आये, वयनीक जमणा नाय ता दिसता मां तुका? तुझे हात कोणी बांधलेहत? वरस सरांदे म्हणतंस, तेच्या आदी ह्या पोर भायर येतला! येतला तर येतला. बाबा काय वरून बघूक बसलेत, कढई चढली काय म्हणान?"

बापाचं नाव असं कोणी घेतलं नव्हतं घरात.

आई चिडल्या नाहीत. "तो कित्याक बघतलो?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जितो असताना कधी कढईत डोकावून बघल्यान नाय. तेका भियान मी काय करणंय नाय गो." मग जमिनीकडे बघत, "एकेचाळीस वर्सां तेच्यासाठी रांदलंय. सकाळची चाय, पेज, माशाचा निस्त्याक. तो गेलो आणि माझे हात रिकामे. आता तेच्यासाठी करूचा म्हटला तर काय ऱ्हवला? ह्या एकच. कढई चढवूची नाय. दर दिसा नाय चढवणंय, म्हणजे दर दिसा तेच्यासाठी कायतरी करतंय. वरस सराला की ता पण सरतला. ता आताच काढून घेतास?"

मी तेवीस वर्षं त्या घरात प्रश्न विचारत आले आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी समजत होते की ही भीती आहे, रूढी आहे, वाडी काय म्हणेल हा धाक आहे. हे वर्गात शिकवायला सोपं असतं. एखादी बाई काही न करण्यातून कोणासाठी तरी काही करत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, अगदी स्पष्ट सांगायचं तर.

वैजू खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आईंचा हात तिच्या केसांतून खाली आला, मानेवर आला, खांद्याच्या हाडावर येऊन थांबला. ते हाड त्यांनी बोटांनी चाचपलं. दोनदा.

रविवारी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले तर आई पीठ मळत होत्या. मला काही विचारायची संधी न देता म्हणाल्या, "ता भाजणां मां? सुलू म्हणा होती." मी जोरजोरात मान हलवली. भाजणंच, आई. शंभर टक्के भाजणं. हे बाहेरून ओरडले, "भाजणांच ता!" ओट्यावरच्या सभेत ह्यांचा पक्ष दुसरा होता. मला उगाच एक अडचण सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी जे केलं ते मी निरखून बघितलं, वहीत लिहूनही ठेवलं. बारीक रवा आणि मैदा, मोहनाला न तापवलेलं घट्ट तूप, पण नुसतं घालून सोडलं नाही, दोन्ही तळव्यांत पीठ धरून ते इतकं चोळलं की मूठ वळली तर टिकत होती. दूध शिंपडून भिजवलं. सारण ताटात पसरून गार केलं, खोबरं आधी पिळून घेतलं. पारी नेहमीपेक्षा किंचित जाड लाटली. "वारो हलको, पारी पातळ नको." हे त्यांना कोणी सांगितलं? मुरड घालून झाल्यावर प्रत्येक नेवरीच्या पोटावर सुईनं तीन भोकं. आणि बोट तेलात बुडवून वरून फिरवलं, नुसतं चकाकण्यापुरतं. पानाचा हट्ट मात्र सोडला नाही. आता पानाच्या कडा नेवऱ्यांच्या वजनाखाली दाबल्या, बाहेर एक चिंधीसुद्धा ठेवली नाही.

एकशे सत्तरवर बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. त्या मशीनसमोर पाटावर बसून राहिल्या. कढईसमोर बसतात तशाच, एक गुडघा वर करून. तेलाचा चुर्र आवाज नाही, फेस नाही, झारा नाही. नुसता पंख्याचा घरघराट. मध्येच नाक वर करून म्हणाल्या, "आता परत," आणि मी बघितलं तर सहा मिनिटं झालेली. शेवटी वास आला. तुपाचा, भाजल्या काजूचा, आल्याचा. तापल्या तेलाचा नाही. घंटी वाजायच्या आधीच त्यांनी खण ओढला. सोनेरी, फुगलेल्या, एकही फुटलेली नाही.

वैजू दारात उभी होती. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो, त्यामुळे बिचारीला घास घेणंही अवघड झालं. तिनं एक टोक मोडलं. फुंकर घातली. चावली. आम्ही वाट बघतोय, पुढे काय होतं. तिनं डोळे मिटून गिळलं आणि उरलेली नेवरी तोंडात कोंबली. मग दुसरी. मग तिसरी, ती चहात बुडवून, जे आमच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. अर्धा तास गेला, तास गेला. मागीलदारी कोणी धावलं नाही. दुपारी ती स्वतःहून म्हणाली, थोडी पेज दे.

त्यानंतर महिना-दीड महिना, एक दिवसाआड ते मशीन चालायचं. नेवरी आत गेली की तिच्या मागून भात जायचा, डाळ जायची, अंडं जायचं. असं का होतं, मला आजही नीट सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या हसल्या. वजनाचा काटा पहिल्यांदा हलला त्या दिवशी वैजूनं मला दवाखान्याच्या पायरीवरून फोन केला आणि फोनवर नुसती रडत राहिली. वैशाखात मुलगी झाली. लहानशी, पण ठणठणीत, आणि आवाज असा की सुलूकाकींना त्यांच्या घरात ऐकू जायचा.

बारसं झालं, वैजू लेकीला घेऊन वेंगुर्ल्याला गेली. दुसऱ्या दिवशी आईंनी ह्यांना शिडी लावायला सांगितली आणि ते मशीन माळ्यावर चढवलं. कढईच्या शेजारी. खाली अडचण होते, असं काहीसं म्हणाल्या. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. चवथ गेली, दिवाळी गेली, मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर कढई खाली आली आणि मशीनही आलं.

आणि आता पुन्हा फाल्गुन. वैजू चार दिवसांसाठी आली आहे. तिची लेक खळ्यात रांगते, काजूची टरफलं तोंडात घालायला धावते, तिला सारखं ओढून आणावं लागतं. दहा महिन्यांची झाली, चार दात आहेत. सकाळी आईंनी कढईतली नेवरी तिच्या तोंडाला लावली, तिनं सारण चाटून पारी थुंकून टाकली. मग मशीनमधली लावली, तीही थुंकली. निःपक्षपाती आहे.

आई माझ्यासमोर बसून सोललेले गर पाण्यात टाकत होत्या. मला राहवेना. वर्षभर हा प्रश्न डोक्यात होता आणि आता विचारायला हरकत नव्हती.

"आई, खरं सांगा. गेल्या वर्षीच्या त्या मशीनमधल्या नेवऱ्या. ते भाजणंच होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला मी पहिलीतली वाटले.

"तळणच ता."

"काय?"

"तळणच गो. माका काय कळणा नाय? पारी तळणाची, मुरड तळणाची, वास तळणाचो. तुमी सगळी इतक्या जीव तोडून समजावीत होतात, म्हणान मी हो म्हटलंय. तुमका बरा वाटला मां?"

म्हणजे आमचा सगळा वाद, खोक्यावरचं नाव, काकींचा निवाडा, माझं माध्यम आणि उष्णता, हे सगळं आमच्या समाधानासाठी चाललं होतं. ही बाई सगळं समजून उठली होती, पहाटे, आणि पिठात हात घातला होता.

"मग... तुमचं ते वर्ष?"

"मोडलंय." गर पाण्यात पडला. "पीठ घेवच्या आदी तेका सांगलंय, आज मोडतंय म्हणान."

मला पुढचं विचारू नये असं वाटत होतं, आणि तरी मी विचारलंच. "बाबा काय म्हणाले?"

आईंनी रांगत निघालेल्या नातीला एका हातानं मागे ओढलं, मांडीवर घेतलं, तिच्या मुठीतलं टरफल काढून टाकलं.

"तो काय म्हणतलो?" त्या म्हणाल्या. "चेडू तेचा पण आसा मां."